कोल्हापूरच्या जुन्या निगेटिव्ह: त्या शोधायच्या कशा आणि टिकवायच्या कशा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले हे जुने पॅलेस थिएटर पुन्हा पूर्वीसारखे बांधायचे, यावर गावात दुमत नव्हते. परंतु ‘पूर्वीसारखे’ म्हणजे नेमके कसे, हा प्रश्न उरतोच. रंगमंचाच्या कमानीची घडण, लाकडी कामावरचे नक्षीकाम, सज्जाचे कठडे, दारांच्या वरची झडप या गोष्टी नकाशात पूर्णपणे येत नाहीत. त्या फोटोत येतात, आणि तेही बहुधा चुकून येतात. एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला किंवा एखाद्या संस्थेच्या बक्षीस समारंभाला बोलावलेल्या स्थानिक फोटोग्राफरने पाहुण्यांचा फोटो काढला आणि पाहुण्यांच्या मागे ती कमान आली, एवढाच तो योगायोग असतो.

अशा फोटोग्राफरांनी या शहराचे जे चित्रण केले, ते आज कुठे आहे, ते का नष्ट होते आणि ते वाचवायचे म्हणजे सामान्य माणसाने काय करायचे, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. विषय रसायनशास्त्रापासून कायद्यापर्यंत जातो, त्यामुळे तो अवघड वाटतो. मुळात तो तितका अवघड नाही.

निगेटिव्ह आणि फोटो यांत फरक काय?

कोल्हापूरकरांना हे समजावण्यासाठी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जावे. गणपतीची मूर्ती साच्यातून निघते. साचा शाबूत असेल तर हव्या तेवढ्या मूर्ती काढता येतात आणि प्रत्येक मूर्तीचे नाकडोळे तितकेच रेखीव येतात. साचा हरवला आणि तयार मूर्तीवरूनच दुसरा साचा केला, तर बोटे थोडी बोथट होतात, अलंकारांच्या कडा थोड्या बुजतात. त्या मूर्तीवरून तिसरा साचा केला तर आणखी बुजतात.

निगेटिव्ह म्हणजे फोटोचा साचा. कॅमेऱ्यात प्रत्यक्ष प्रकाश पडतो तो तिच्यावर. अल्बममधला किंवा भिंतीवरचा कागदी फोटो म्हणजे त्या साच्यातून काढलेली मूर्ती. त्यात तपशील कमी असतो, शिवाय फोटोग्राफरने बाजूचा भाग कापूनही टाकलेला असतो. वरपक्षाचा समूहफोटो कागदावर फक्त माणसांपुरता दिसतो. त्याच्याच निगेटिव्हमध्ये डावीकडे भवानी मंडपाचा कोपरा, उजवीकडे टांगा आणि मागे एखाद्या दुकानाची वाचता येणारी पाटी असू शकते. घरच्यांना फोटोतली माणसे हवी होती, शहराच्या इतिहासाला तो कापलेला भाग हवा आहे.

निगेटिव्हची रचना एखाद्या भिंतीसारखी असते. भिंत, तिच्यावर गिलावा आणि गिलाव्यात मिसळलेला रंग. भिंत म्हणजे आधार: काच किंवा फिल्म. गिलावा म्हणजे जिलेटिनचा पातळ थर. जिलेटिन हे जनावरांच्या हाडांपासून व कातडीपासून काढलेले चिकट द्रव्य असते. आणि रंगाच्या जागी असतात चांदीचे अतिसूक्ष्म कण. कृष्णधवल चित्रातला काळेपणा हा कोणत्याही शाईचा नसून खऱ्या चांदीचा असतो. पुढे जे जे बिघाड सांगायचे आहेत, ते सगळे या तिन्हींपैकी कशाला तरी होतात: भिंत फुटते किंवा कुजते, गिलावा सुटतो, अथवा चांदी गंजते.

काच, ज्वालाग्राही फिल्म आणि आंबट वासाची फिल्म

सर्वांत जुना आधार काचेचा. १८५१ मध्ये आलेल्या पद्धतीत फोटो काढण्याच्या ऐन वेळी काचेवर ओले रसायन चढवून, ते वाळण्याच्या आत फोटो काढून धुवावा लागे. १८७१ मध्ये कोरड्या जिलेटिनच्या काचेचा शोध लागला आणि त्या दशकाच्या अखेरीपासून तयार काचा पेटीत विकत मिळू लागल्या. त्यामुळे छोट्या शहरात स्टुडिओ चालवणे शक्य झाले. जुन्या स्टुडिओत ज्या काचा सापडतात, त्या बहुतेक याच कोरड्या जातीच्या असतात. पाव प्लेट, अर्धी प्लेट आणि पूर्ण प्लेट ही त्यांची मापे; अर्धी प्लेट म्हणजे पावणेपाच गुणिले साडेसहा इंच. काचेचे एक मोठे सुख आहे. ती आकसत नाही, वाकत नाही, सडत नाही. ती फक्त फुटते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीच्या काचेतून आजही थक्क करणारा फोटो निघतो, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या रंगीत फिल्ममधले सगळे चेहरे लालसर होऊन बसलेले असतात.

काचेनंतर आलेली पहिली लवचीक फिल्म नायट्रेटची होती. या फिल्मविषयी कोल्हापुरात वेगळी माहिती द्यायला नको, असे वाटावे इतका या गावाचा तिच्याशी संबंध आहे. कलामहर्षी बाबुराव पेंटर यांनी इथेच स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला; खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो त्याच परंपरेच्या आठवणीसाठी. १९२९ मध्ये प्रभात कंपनी स्थापन झाली तीही याच शहरात. तो सारा काळ नायट्रेट फिल्मचा. ही फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. जळताना ती स्वतःतूनच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाणी ओतूनही सहजासहजी विझत नाही. ती कुजू लागली की आधी पिवळी, मग चिकट होते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी होते. भारतातील मूकपटांपैकी बहुतांश आज अस्तित्वात नाहीत, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. स्टुडिओतल्या स्थिर छायाचित्रांसाठीही ही फिल्म वापरली जात होती. सिनेमासाठी तिचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले.

तिच्या जागी अ‍ॅसिटेट फिल्म आली. ती सहज पेट घेत नाही म्हणून तिला ‘सेफ्टी’ फिल्म म्हणत आणि पुष्कळदा तिच्या कडेला तसे छापलेलेही असते. तिचा रोग निराळा आहे. उष्णता आणि दमटपणा यांमुळे तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागते. हेच आम्ल व्हिनेगरमध्ये असते. डबा उघडताच लोणच्याचे सिरके सांडल्यासारखा आंबट वास आला, की रोग लागला असे समजावे. फिल्म आकसते, जिलेटिनचा थर मात्र तितका आकसत नाही, मग त्याच्या चुण्या पडतात आणि चित्र सुरकुतते. हा वास असलेली फिल्म शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवते, म्हणून नासका आंबा पेटीतून काढावा तशी ती लगेच वेगळी ठेवावी.

फिल्म कोणत्या जातीची आहे हे पाहण्यासाठी तिचा तुकडा जाळून बघण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया कोणीही ऐकू नये. १९५० च्या आधीची फिल्म असेल, कडेला ‘सेफ्टी’ शब्द नसेल, चिकटपणा किंवा पिवळेपणा असेल, तर ती नायट्रेट समजूनच वागावे: घरातून वेगळ्या, थंड आणि हवेशीर जागी, प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता ठेवावी आणि जाणकारांना विचारावे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच प्रकारच्या फिल्मची निगा राखत आले आहे.

आपले हवामान आणि आपली नदी

निगेटिव्हला ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आर्द्रता म्हणजे हवेतील ओलाव्याचे प्रमाण. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात भिंतींना पाझर फुटतो आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तेव्हा हा आकडा कितीतरी वर गेलेला असतो. हवेत ६५ टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की बुरशीला जिलेटिन म्हणजे आयते जेवणच होते. चांदीच्या कणांनाही ओलावा व धूर सोसत नाही. काचेच्या कडांवर निळसर आरशासारखी झाक दिसते ती गंजणाऱ्या चांदीची. चित्र पक्के करण्यासाठी वापरलेले हायपो नावाचे रसायन धुतानाच पुरते निघाले नसेल, तर चित्र पिवळे पडते. लग्नसराईतल्या घाईत धुतलेल्या फोटोंचे दुखणे पुष्कळदा हेच असते.

आणि मग पूर. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरी, शुक्रवार पेठ या भागांत तळमजल्यावर जे काही होते ते बुडाले, आणि जुने स्टुडिओ बहुतेक तळमजल्यावरच असत. पूर ओसरल्यावर चिखलाने माखलेले अल्बम रस्त्याकडेला टाकलेले मी पाहिले आहेत. त्यातले अनेक वाचले असते.

भिजलेल्या फोटोंबाबत लोक सर्वांत मोठी चूक करतात ती ही, की गठ्ठा जसाच्या तसा उन्हात ठेवतात. ओले जिलेटिन डिंकासारखे असते. दोन फोटो एकमेकांना चिकटून वाळले की ते पुन्हा वेगळे होत नाहीत. म्हणून गठ्ठा वाळू न देता स्वच्छ गार पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवावा, फोटो एकेक करून हळुवार सोडवावेत, चित्राच्या बाजूला बोट न लावता चिखल पाण्यातच निघू द्यावा, आणि मग चित्राची बाजू वर करून सावलीत, सुती कापडावर किंवा टीपकागदावर पसरावेत. हे सगळे दोन दिवसांच्या आत व्हायला हवे. तेवढ्यात उरकणे शक्य नसेल, तर कागदी फोटो आणि फिल्म पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, त्यामुळे बुरशीची वाढ थांबते आणि सवडीने काम करता येते. काचा मात्र गोठवू नयेत. त्या उभ्या ठेवून वाळवाव्यात.

या निगेटिव्ह सापडतात तरी कुठे?

मंगळवार पेठेतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर काही वर्षांपूर्वी मला नेण्यात आले. खोक्यांत काचा होत्या, पण अपेक्षेच्या निम्म्याही नव्हत्या. फोटोग्राफरच्या नातवाने अगदी मोकळेपणाने सांगितले की आजोबांच्या माघारी वडिलांनी बऱ्याचशा काचा गरम पाण्यात घालून साफ केल्या आणि देवांच्या तसबिरींना बसवल्या. काच महाग होती, माणसे कोण आहेत हे कुणाला ठाऊक नव्हते. त्यात त्या कुटुंबाचा काहीही दोष नाही, हे मी मनापासून सांगतो. जगभर असेच झाले आहे. फिल्मचे गठ्ठे तर चांदी काढण्यासाठी वजनावर विकले जात.

म्हणून शोध स्टुडिओच्या माळ्यावर संपत नाही. तालमींच्या भिंती पाहाव्यात. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींतून पैलवानांचे, वस्तादांचे आणि खासबागेतल्या कुस्त्यांचे फोटो पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले असतात. शाळांच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्षवार समूहफोटो असतात. सहकारी सोसायट्या, गुळाच्या पेढ्या, भजनी मंडळे, पेठांतली गणेश मंडळे, जुने छापखाने, चित्रपटांच्या सेटवर स्थिरचित्रण केलेल्यांची घरे, या सगळ्या ठिकाणी एकाच फोटोग्राफरचे काम विखुरलेले असते. कागदी फोटोच्या मागे किंवा खालच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का किंवा उठावदार छाप असतो. तो पाहिल्याशिवाय चौकट परत लावू नये.

अशा घरी जाताना ‘आम्हाला द्या’ या शब्दांनी सुरुवात करू नये. आधी बसावे, फोटोग्राफर कसे काम करीत, कुठला कॅमेरा होता, पडदा कोणी रंगवला होता, हे विचारावे. ज्या घराने साठ वर्षे माळ्यावर ओझे सांभाळले, त्या घराचा मान पहिला. आणि एक वस्तू आवर्जून मागून पाहावी: ऑर्डरचे रजिस्टर. तारीख, गिऱ्हाईकाचे नाव, गाव, किती प्रती, किती आगाऊ रक्कम, आणि निगेटिव्हचा नंबर. ही वही रद्दीत गेली की हजारो काचा एका रात्रीत अनोळखी होतात. माझ्या मते काचा आणि वही यांपैकी आधी वही वाचवावी.

आधी नावे, मग स्कॅनिंग

हे विधान अनेकांना उलटे वाटते. फोटो नष्ट होत असताना नावे लिहीत बसायची का? त्याचे कारण साधे आहे. कोरड्या जागी ठेवलेली काच आणखी पन्नास वर्षे थांबेल. तिच्यातली माणसे ओळखणाऱ्या नव्वदीच्या आजी थांबणार नाहीत.

म्हणून पहिले काम मोबाइलने करावे. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडासमोर किंवा संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून साधा फोटो घ्यावा, निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते ते मोबाइलमध्येच उलटवून नेहमीचे कृष्णधवल चित्र तयार करावे आणि ते मोठ्या आकारात छापून वयस्कर माणसांपुढे ठेवावे. ही प्रत जतनासाठी नाही, ओळख पटवण्यासाठी आहे. बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ‘हे कोण?’ एवढेच विचारले तर उत्तर एका शब्दात येते. ‘ही गल्ली पुढे कुठे निघत होती?’, ‘या दुकानात काय मिळायचे?’ असे विचारले की माणूस त्या फोटोत शिरतो आणि आपण विचारले नव्हते तेही सांगतो.

जुनी नावे जशी सांगितली तशी लिहावीत आणि पुढे आजचे नाव लिहावे. कोणी पॅलेस थिएटर म्हणेल, कोणी केशवराव भोसले. कोणी थोरला दवाखाना म्हणेल, कोणी सीपीआर. दोन्ही नावे नोंदीत असली तरच पुढचा शोधणारा तिथे पोहोचतो. सांगणाऱ्याची खात्री किती आहे हेही लिहावे, कारण ‘बहुतेक १९५० च्या आसपास’ ही प्रामाणिक नोंद ‘१९५०’ या आत्मविश्वासाच्या नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगाची असते.

आठवणीला फोटोतल्याच पुराव्यांचा आधार देता येतो. बिंदू चौकातील महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे डिसेंबर १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना उभे राहिले. चौकाच्या फोटोत ते दिसत असतील तर फोटो त्यानंतरचा, आणि जागा मोकळी असेल तर आधीचा. रेल्वे कोल्हापुरात १८९१ मध्ये आली. नवा राजवाडा १८८४ च्या सुमारास पूर्ण झाला. एखाद्या गाडीवर ‘एमएच ०९’ असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा असू शकत नाही. भिंतीवर सिनेमाचे पोस्टर असेल तर तारीख जवळजवळ महिन्यापर्यंत आणता येते. पाट्यांवरची अक्षरे आणखी एका कामाला येतात: निगेटिव्ह उलट्या बाजूने पाहिली गेली असेल तर अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. पाटी नसेल तर पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी आणि मनगटावरचे घड्याळ पाहावे. मी स्वतः एका घाटाचा फोटो उलटा छापलेला पाहून नदीचा प्रवाह तिकडून कसा, या विचारात दोन दिवस घालवले होते.

माहिती लिहायची ती कागदी पाकिटावर, मऊ पेन्सिलीने, आणि निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले तर दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई काही वर्षांत पसरते.

स्कॅन करून झाल्यावर मूळ निगेटिव्ह कशाला ठेवायची?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

स्कॅन म्हणजे त्या दिवशीच्या यंत्राने घेतलेली एक मूर्ती. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी आपले अल्बम स्कॅन करून सीडीत ठेवले आणि मूळ फोटो टाकून दिले, त्यांच्याकडे आज टपाल तिकिटाएवढी चित्रे आहेत, तीसुद्धा सीडी चालली तर. त्याच निगेटिव्ह राहिल्या असत्या तर आजच्या यंत्रावर त्या कितीतरी पटींनी चांगल्या निघाल्या असत्या. काच वाचायला फक्त उजेड आणि डोळा लागतो. संगणकातली फाइल वाचायला वीज, यंत्र, चालू स्थितीतली डिस्क आणि ती फाइल ओळखणारा प्रोग्रॅम, हे सगळे एकाच वेळी लागते.

तरीही स्कॅनिंग करायलाच हवे, कारण त्यामुळे मूळ वस्तूला पुन्हा पुन्हा हात लागत नाही. करताना हिशेब असा करावा. अर्ध्या प्लेटची काच इंचाला १,२०० ठिपके या घनतेने स्कॅन केली तर ५,७०० गुणिले ७,८०० असे सुमारे साडेचार कोटी ठिपके होतात. राखाडी छटांचे बारकावे राखून, न दाबता जतन केल्यास ती फाइल जवळपास ९० मेगाबाइटची होते. अशा हजार काचांना ९० गीगाबाइट, म्हणजे आज बाजारात मिळणाऱ्या साध्या हार्ड डिस्कचा लहानसा कोपरा पुरतो. जागा ही अडचण आता राहिलेली नाही. रोलवरची लहान फिल्म असेल तर घनता आणखी वाढवावी लागते.

मूळ फाइल टिफ या प्रकारात ठेवावी आणि ती कधीही बदलू नये. पाठवण्यासाठी, छापण्यासाठी तिच्यापासून जेपेग प्रती काढाव्यात. जेपेगमध्ये फाइल लहान करताना काही तपशील कायमचा गाळला जातो, हे त्याचे कारण. प्रती किमान तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. घरात एक, नातेवाइकाकडे पुण्याला एक आणि इंटरनेटवरच्या साठ्यात एक, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. तिन्ही प्रती शाहूपुरीत ठेवल्या तर पुराच्या दृष्टीने ती एकच प्रत. फाइलच्या नावात रजिस्टरमधला निगेटिव्ह नंबर यावा, म्हणजे फाइल, पाकीट आणि वही एकमेकांना सोडणार नाहीत.

साफसफाईबाबत हात आखडता घ्यावा. काचेच्या चित्र नसलेल्या बाजूवरची धूळ मऊ ब्रशने झटकता येते. चित्राच्या बाजूला पाणी, स्पिरिट, कापड काहीही लावू नये. तिथे शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा किंवा लाल रंगाचे पट्टे दिसले, तर ते डाग नव्हेत. चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांना हलके करण्यासाठी किंवा मागची गर्दी पुसून टाकण्यासाठी फोटोग्राफरने केलेले ते रिटचिंग आहे. त्याच्या हाताचे कसब त्यातच दिसते, आणि ते पुसले की फोटोग्राफर म्हणून तो माणूसच त्या काचेतून पुसला जातो.

यंत्राकडून रंगीत आणि स्पष्ट करून घेतले तर?

आजकाल पुसट चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमला दिला की क्षणात टवटवीत होऊन येतो. घरातल्या वाढदिवसाला तो पाहून आनंद होत असेल तर त्यात गैर काही नाही. पण तो प्रोग्रॅम फोटोतली हरवलेली माहिती परत आणत नाही; इतर लाखो चेहऱ्यांवरून अंदाज करून नवीन माहिती भरतो. त्या डोळ्यांच्या पापण्या तुमच्या पणजीच्या नसतात. नऊवारीचा रंग यंत्राने निळा ठरवला, म्हणून ती निळी होती असे होत नाही. अशा चित्रावर तसे स्पष्ट लिहावे आणि मूळ चित्र सोबत ठेवावे. मूळ चित्र सोबत नसेल तर इतिहासाच्या कामात मी असे चित्र वापरणार नाही, आणि इतरांनीही वापरू नये असे माझे मत आहे.

मग हे फोटो कोणाच्या मालकीचे?

इथे दोन मालक्या वेगळ्या कराव्या लागतात. काच ही वस्तू एकाची असू शकते आणि तिच्यातले चित्र छापण्याचा हक्क, म्हणजे स्वामित्वहक्क, दुसऱ्याचा असू शकतो. घराची किल्ली हातात असली म्हणून घर आपल्या नावावर होत नाही, तसे हे आहे. भंगारात काचा विकत घेतलेल्या माणसाकडे काचा असतात. त्यातील चित्रे छापण्याचा अधिकार आपोआप येत नाही.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एक तरतूद तर अनेक फोटोग्राफरांनाही चकित करते. एखाद्याने पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे स्टुडिओतील लग्नाच्या जोडप्याचा फोटो आणि त्याच फोटोग्राफरने स्वतःच्या हौसेने टिपलेला रंकाळ्यावरचा सूर्यास्त यांचे हक्क वेगवेगळ्या घरांत जातात. मुदतीचा नियमही मध्येच बदलला. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षे अशी मोजली जाई. आता ती फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी मोजतात. पण ज्यांची मुदत आधीच संपली होती, त्यांचा हक्क या दुरुस्तीने पुन्हा जिवंत झालेला नाही. फार जुन्या फोटोंच्या बाबतीत म्हणूनच वकिलाला विचारणे शहाणपणाचे आहे.

व्यवहारात मात्र एक साधे पत्र पुष्कळ प्रश्न सोडवते: कोणत्या निगेटिव्ह दिल्या, कायमच्या की स्कॅनपुरत्या, कोणत्या कामासाठी वापरायला परवानगी आहे, फोटोखाली फोटोग्राफरचे नाव कसे लिहायचे, आणि परत कधी करायच्या. नाव लिहिणे हा उपचार नव्हे. आपले श्रेय मिळण्याचा निर्मात्याचा हक्क कायद्याने स्वामित्वहक्कापासून वेगळा मानला आहे. त्याशिवाय कायद्यापलीकडची एक गोष्ट आहे. स्टुडिओच्या खोक्यांत अंत्यदर्शनाचे, दवाखान्यातले, मुलगी दाखवण्यासाठी काढलेले फोटोही असतात. ते जतन करावेत, पण घरच्यांना विचारल्यावाचून चारचौघांत आणू नयेत.

एवढा खर्च कोण करणार?

पुष्कळशी कामे खर्चाची नाहीतच. प्रत्येक निगेटिव्हला आम्लरहित कागदाचे स्वतंत्र पाकीट, काचा सीडी रचतात तशा उभ्या, एका डब्यात वीसपंचवीसपेक्षा जास्त नाहीत म्हणजे उचलताना हात सुटणार नाही, आणि डबे लोखंडी कपाटात. लाकडी कपाटातून आम्लाची वाफ सुटते आणि वाळवीलाही ते आवडते. जुन्या मऊ प्लॅस्टिकचे अल्बम, रबर बँड, सेलोटेप आणि डांबरगोळ्या दूर ठेवाव्यात. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी होतो आणि तळमजला पावसात विहीर; मधल्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली खोली सर्वांत चांगली.

खर्च येतो तो स्कॅनिंगच्या मनुष्यबळाचा आणि पुढच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांभाळाचा. तिथे एकट्या घराचे बळ पुरत नाही. कोल्हापुरात शासनाचे पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमधले वस्तुसंग्रहालय आहे, १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. यांपैकी कोणाशीही बोलणी करताना घराने तीन प्रश्न विचारावेत: खोली कोणत्या मजल्यावर आहे, यादी कधीपर्यंत तयार होईल, आणि आमच्या नातवंडांना ती पाहता येईल का. संस्थेला देणे म्हणजे घराने हात झटकणे असे काही जणांना वाटते. मला तसे वाटत नाही. मात्र यादीवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एकही डबा घराबाहेर जाऊ देऊ नये.

ज्यांना निगेटिव्ह घरीच ठेवायच्या आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस ठरवून घ्यावा. मृग नक्षत्र लागण्याच्या आधीचा आठवडा त्यासाठी योग्य, कारण तेव्हा घरोघरी मसाले, पापड आणि धान्य पावसाळ्यासाठी तपासून ठेवले जातच असते. त्याच दिवशी निगेटिव्हचे डबे उघडावेत, आंबट वास येतो का हे पाहावे, बुरशीची पांढरी जाळी दिसली तर ती पाकिटे वेगळी काढावीत, हार्ड डिस्क संगणकाला जोडून चारदोन फाइली उघडून बघाव्यात, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून, गेल्या वर्षी ‘अनोळखी’ असे लिहिलेली पाकिटे पुन्हा एकदा त्यांच्या हातात द्यावीत.